फाइलीत नसलेला कागद : सांगयोंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण

झाशीहून सागर, नरसिंहपूर करत लखनादोनला येणारा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २६ म्हणून ओळखला जायचा. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाताना लखनादोन लागतं, त्यामुळे विदर्भातल्या ट्रकवाल्यांना हे नाव नवं नाही. या रस्त्याच्या किलोमीटर २९७ ते ३५१ या टप्प्याचं चौपदरी काम सेऊलच्या सांगयोंग इंजिनिअरिंग अँड कन्स्ट्रक्शन या कंपनीला मिळालं. स्वीकृतीपत्र ३० डिसेंबर २००५ चं, करार १२ एप्रिल २००६ चा, रक्कम २१९ कोटी १ लाख १६ हजार ८०५ रुपये.

या कामातून जो वाद उभा राहिला तो वरवर पाहता कारकुनी आहे. सिमेंट, पोलाद आणि इतर सामानाच्या भाववाढीचा हिशेब कोणत्या आकड्यांनी करायचा, एवढाच. पण त्या हिशेबापायी लवाद झाला, म्हणजे कोर्टाऐवजी पक्षांनी निवडलेल्या पंचांपुढे वाद गेला, लवादाचं मत दुभंगलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात दोन पायऱ्या चढून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ८ मे २०१९ ला जो निकाल आला तो आज भारतातल्या जवळजवळ प्रत्येक लवादात कोणी ना कोणी वाचून दाखवतं. त्यातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा भाग सार्वजनिक धोरणाचा, म्हणजे निवाडा त्या धोरणाविरुद्ध म्हणून कोर्टाने कधी रद्द करावा याचा आहे. मला मात्र त्यातली एक लहान गोष्ट फार मोठी वाटते. पंचांनी असा एक कागद आधाराला घेतला, जो दोन्ही बाजूंपैकी कोणीही त्यांच्यासमोर ठेवला नव्हता.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय तो कागद किती जड होता हे कळत नाही.

मोठ्या कंत्राटात भाववाढीचं कलम असतं. कंत्राटदार निविदा भरतो तेव्हाचा दर आणि पुढे चार वर्षांनी काम चालू असतानाचा दर यांत फरक पडणारच. तो फरक बाजारातल्या पावत्या गोळा करून काढत बसलं तर भांडणं संपणार नाहीत. म्हणून सूत्र ठरवतात. निविदेच्या वेळचा निर्देशांक पाया धरायचा, काम झालं त्या महिन्याचा निर्देशांक घ्यायचा, वाढ काढायची आणि त्या प्रमाणात बिलात रक्कम मिळवायची. या करारातही तसंच होतं. आधार होता घाऊक किंमत निर्देशांकाचा, आणि करार झाला तेव्हा त्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीचा आकडा १०० धरतात ते वर्ष, होतं १९९३-९४.

सप्टेंबर २०१० मध्ये सरकारने जुनी मालिका थांबवली आणि २००४-०५ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका सुरू केली. यात गैर काही नाही, दर काही वर्षांनी हे करावंच लागतं. लोक वापरतात त्या वस्तू बदलतात, त्यांचं वजन बदलतं. पण निम्म्यावर आलेल्या कंत्राटात यामुळे एक सांधा निर्माण होतो. अलीकडचा आकडा एका पट्टीवर, पलीकडचा दुसऱ्या पट्टीवर.

हा सांधा कसा जुळवता त्यावर पैसे ठरतात. माझे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, प्रकरणातले नाहीत. समजा निविदेच्या महिन्यात जुन्या मालिकेत एखाद्या मालाचा निर्देशांक १८० होता. आज नव्या मालिकेत तो १५० आहे. एक रीत अशी की नव्या मालिकेतच निविदेच्या महिन्याचा आकडा शोधायचा, तो समजा १०५ निघाला, तर वाढ झाली जवळपास ४२.९ टक्के. दुसरी रीत अशी की नव्या आकड्याला जोड-गुणकाने गुणून जुन्या पट्टीवर आणायचा. गुणक १.६ असला तर १५० चे झाले २४०, आणि १८० वरून २४० म्हणजे ३३.३ टक्के. माल तोच, महिना तोच, आणि फरक साडेनऊ टक्क्यांचा. कोट्यवधींच्या बिलांवर हा फरक बसला की कंत्राटदाराचा नफा कुठल्या कुठे जातो. गुणक कोणत्या वर्षावरून काढायचा, हा त्यातला आणखी एक फाटा.

हे काम देणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने १५ फेब्रुवारी २०१३ ला परिपत्रक काढलं आणि २००९-१० या वर्षावर बेतलेला जोड-गुणक वापरून भाववाढ मोजायचं नवं सूत्र त्यात दिलं. सांगयोंगचं म्हणणं सरळ होतं. हे सूत्र आमच्या करारात नाही, आम्ही ते कबूल केलेलं नाही. परिपत्रकातच एक अट होती, तीही ध्यानात ठेवण्यासारखी: या पद्धतीची भाववाढ आम्हाला मान्य आहे असं हमीपत्र कंत्राटदाराने दिलं तरच ते लागू व्हायचं होतं. सांगयोंगने हमीपत्र दिलं, पण सशर्त. परिपत्रक आम्हाला लागू होत नाही आणि होऊ शकत नाही, हा आमचा मुद्दा अबाधित ठेवून आम्ही ते देत आहोत, असं म्हणून. ज्याने कंत्राटाच्या बिलांचं काम केलं आहे त्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल. थकलेली बिलं सोडवून घ्यायची असतात, सही करावीच लागते, आणि सहीच्या वर आपला निषेध लिहून ठेवायचा असतो. पुढे सहा वर्षांनी त्या निषेधाला किंमत आली.

वाद तीन पंचांसमोर गेला. २ मे २०१६ ला निवाडा आला. दोन पंच एकीकडे, एक दुसरीकडे.

बहुमताचं म्हणणं पडलं की परिपत्रक कराराच्या चौकटीतच बसतं, म्हणून ते लावता येईल. या मताला टेकू म्हणून त्यांनी निर्देशांक आणि भाववाढ यांबद्दलची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं घेतली. ही तत्त्वं सुनावणीत कोणी दाखल केली नव्हती, त्यावर युक्तिवाद झाला नव्हता, साक्षीदाराला त्यावर कोणी प्रश्न विचारला नव्हता. ती अमुक संकेतस्थळावर आहेत, असं निवाड्यातच नमूद होतं. म्हणजे पंचांनी ती स्वतः मिळवली होती, वाचली होती आणि वापरली होती. तिसऱ्या पंचांनी वेगळा निवाडा लिहिला. परिपत्रक कराराबाहेरचं आहे, एका पक्षाने काढलेलं आहे, ते दुसऱ्यावर लादता येत नाही. करारातलंच सूत्र चालवायचं, असं त्यांचं मत. त्यांनी सांगयोंगचा दावा मान्य केला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. बहुमताचा निवाडा कारणांविना नव्हता. लवाद आणि सलोखा कायदा, १९९६ च्या कलम ३१ मध्ये निवाड्यात कारणं द्यावीत असं आहे, आणि त्यांनी ती दिली होती. पानं भरून दिली होती. निवाडा सकारण असावा म्हणजे काय, याची आपली समजूत बऱ्याचदा तिथेच थांबते, पानांवर. पण कारण कशासाठी मागतात? हरलेल्या माणसाला कळावं की आपण जे बोललो ते ऐकलं गेलं आणि तरी अमुकमुळे ते पटलं नाही. या निवाड्यातलं महत्त्वाचं कारण मात्र अशा कागदावर टेकलेलं होतं ज्याबद्दल हरलेल्याला एक शब्द बोलायची संधी मिळाली नव्हती. हरल्यावर त्याला कळलं की आपल्या विरुद्ध कोणता पुरावा होता. याला उत्तर म्हणायचं तरी कसं?

सांगयोंग दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये एकल न्यायमूर्तींनी अर्ज फेटाळला. कराराचा जो अर्थ बहुमताने लावला तो लागू शकणारा अर्थ आहे, त्यात कोर्टाने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०१७ मध्ये खंडपीठानेही अपील फेटाळलं. मला हे निकाल अडाणीपणाचे वाटत नाहीत. लवादाचा अर्थच असा की दोन्ही पक्षांनी आपले पंच निवडले, त्यांनी कराराचा अर्थ चुकीचा लावला तरी तो सोसायचा. कोर्ट दर वेळी कराराची उजळणी करायला बसलं तर लवाद कशाला हवा? शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर, परदेशी पक्ष असलेल्या लवादात, निवाड्यावर उघड बेकायदेशीरपणाचा आक्षेपसुद्धा घेता येत नाही. तो फक्त देशांतर्गत लवादांपुरता ठेवलेला आहे. सांगयोंग कोरियन कंपनी, त्यामुळे लवाद भारतात होऊनही हे प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादात मोडत होतं, आणि त्यांच्यासाठी दारं कमी होती.

उरलेल्या दारांपैकी एक होतं कलम ३४(२)(अ)(iii). पक्षकाराला नेमणुकीची किंवा कारवाईची नोटीस नीट मिळाली नाही, किंवा अन्य कारणाने तो आपली बाजू मांडू शकला नाही, तर निवाडा रद्द होऊ शकतो. शब्द जुने आहेत आणि जगभर सारखे आहेत. परकीय निवाड्यांना मान्यता देणाऱ्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात, पाचव्या अनुच्छेदात, हीच भाषा आहे.

सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. विनीत सरन यांच्यासमोर सुनावणी झाली. निकाल नरिमन यांनी लिहिला. त्यांनी या दाराची लांबीरुंदी मोजताना कायद्यातली तीन कलमं एकत्र वाचली. कलम १८: दोन्ही पक्षांना समान वागणूक आणि बाजू मांडायची पूर्ण संधी. कलम २६: पंचांनी तज्ज्ञ नेमला तर त्याचा अहवाल आणि त्याला प्रश्न विचारायची सोय. आणि मधलं कलम २४(३), जे माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे. पंच ज्या तज्ज्ञाच्या अहवालाचा किंवा पुराव्याच्या कागदाचा निर्णयासाठी आधार घेऊ शकतील तो पक्षांना कळवला पाहिजे. बघा, ‘घेतील’ असंही नाही, ‘घेऊ शकतील’. मनात आलं तरी कळवा, असं कायदा म्हणतो.

या मोजपट्टीवर उत्तर फार कठीण नव्हतं. तत्त्वं कधी नोंदीवर आली नाहीत. ती लागू होतात की नाही, झाली तर त्यांचा अर्थ काय, यावर सांगयोंगला बोलता आलं नाही. आणि निकाल त्यांच्यावर बेतला. बाजू मांडता आली नाही, हे कारण सिद्ध झालं.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. निर्देशांक सरकार जाहीर करतं, तत्त्वं सरकारीच, संकेतस्थळ सगळ्यांना खुलं. पंच अनुभवी असतात म्हणूनच तर त्यांना निवडतात. त्यांनी आपल्या ज्ञानातलं काहीच वापरायचं नाही का? मला वाटतं वापरावं, जरूर वापरावं. एखाद्या महिन्याचा निर्देशांक किती होता हे बघण्यासाठी पंचाने तक्ता उघडला तर कोण हरकत घेईल? आकडा आहे, चुकला तर दुरुस्त होतो. पण दोन मालिका कशा जोडाव्यात हे सांगणारी तत्त्वं म्हणजे आकडा नव्हे. वाद नेमका तिथेच होता. ज्या प्रश्नासाठी दोन्ही बाजूंनी वकील उभे केले त्याच प्रश्नाचं उत्तर सांगणारा कागद बाहेरून आणायचा आणि त्यावर वकिलांना बोलू द्यायचं नाही, हे कोणत्याही अनुभवात बसत नाही. कदाचित सांगयोंगच्या वकिलांनी दाखवून दिलं असतं की ही तत्त्वं नव्या करारांसाठी आहेत. कदाचित त्यांना काहीच सांगता आलं नसतं. ते कोणालाच कळणार नाही, कारण विचारलंच नाही. एक पत्र पुरलं असतं: सोबतचा कागद विचारात घेण्याचा आमचा मनोदय आहे, दोन आठवड्यांत आपलं म्हणणं कळवा. तीन वर्षं आणि तीन न्यायपीठं त्या एका पत्रापायी खर्ची पडली.

नरिमन यांनी निकालात इंग्लंडचं १९९९ चं एक प्रकरणही विचारात घेतलं आहे, मिनमेटल्स विरुद्ध फेर्को स्टील. तिथे चिनी लवाद मंडळाने दुसऱ्याच एका लवादातल्या निवाड्याचा आधार घेतला होता. ऐकताना वाटतं गोष्ट तीच. पण तिथे फेर्कोच्या तक्रारीवरून कारवाई पुन्हा उघडली गेली, आधार कशाचा घेतला हे तिला कळलं, बोलायची संधी मिळाली, आणि तिने ती वापरली नाही. इंग्लिश कोर्टाने निवाडा चालू ठेवला. माझ्या दृष्टीने हा फरक फार उपयोगाचा आहे. बाहेरून आणलेला प्रत्येक कागद निवाड्याला बुडवत नाही. ‘हा बघा, काय म्हणता?’ असं विचारलं की प्रश्न मिटतो, समोरचा गप्प बसला तरी.

निकालाचा दुसरा भाग करारासंबंधी आहे आणि तो जास्त गाजला. सांगयोंगने असाही मुद्दा मांडला होता की परिपत्रक लावून पंच त्यांच्या अधिकाराबाहेर गेले. कोर्टाने तो मानला नाही; कराराचा चुकीचा अर्थ लावणं म्हणजे अधिकार ओलांडणं नव्हे. मात्र सार्वजनिक धोरणात मोडणाऱ्या, न्यायाच्या अगदी मूलभूत कल्पनांना धक्का बसला, हे मानलं. एका पक्षाने एकतर्फी काढलेलं परिपत्रक, जे समोरच्याच्या मान्यतेशिवाय लागूच होत नाही असं ते स्वतः म्हणतं, ते मान्यता नसताना लावलं. म्हणजे पंचांनी दोघांमध्ये नवा करार केला आणि एकाला तो पाळायला लावला. निषेध लिहून केलेली ती सही इथे कामी आली. हे कारण अगदी अपवादात्मक प्रसंगीच वापरायचं, आमच्या मते न्याय झाला नाही एवढ्यावरून कोणत्याही कोर्टाने निवाड्याला हात लावायचा नाही, असा इशाराही निकालात आहे. आज हा निकाल उद्धृत करणाऱ्या निम्म्या अर्जांत तो इशारा गाळलेला असतो, याचं मला वाईट वाटतं. दर हरलेला कंत्राटदार आपल्या प्रकरणाला अपवाद समजतो.

‘पानं भरली म्हणजे कारणं दिली’ ही समजूत मोडणारे आणखी दोन निकाल आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डायना टेक्नॉलॉजीज विरुद्ध क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज या प्रकरणात सकारण निवाड्याची तीन लक्षणं सांगितली: कारणं योग्य हवीत, समजतील अशी हवीत आणि पुरेशी हवीत. आणि एप्रिल २०२५ मध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयासमोर आलेला निवाडा तर आपल्याकडच्या मालवाहू रेल्वेमार्गाच्या कंत्राटाबद्दलच होता. निवाड्याचे परिच्छेद ४५१, त्यांतले किमान २१२ आधीच्या दोन निवाड्यांतून उचललेले. त्या दोन्ही लवादांत अध्यक्ष तेच होते, सोबतचे दोन पंच मात्र तिथे नव्हते. निवाडा रद्द झाला तो रद्दच राहिला. सांगयोंगमध्ये एक कागद बाहेरून आला होता, सिंगापूरच्या प्रकरणात निम्मा निवाडा. निकाल बरोबर होता की चूक, हे दोन्हीकडे बाजूला राहिलं. या पक्षांचं, या फाइलीतलं, ऐकून लिहिलं का, एवढंच पाहिलं गेलं.

आता या निकालातला जो भाग मला आजही सलतो त्याकडे येतो. बहुमताचा निवाडा रद्द केल्यावर पुढे काय? तेव्हाच्या समजुतीप्रमाणे भारतीय कायद्यात कोर्ट निवाडा रद्द करायचं, त्याच्या जागी स्वतःचा निवाडा लिहायचं नाही. म्हणजे सांगयोंगने पुन्हा लवादाला जायचं, पहिल्यापासून. कामाचा करार २००६ चा, निकाल २०१९ चा. कोर्टाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा संपूर्ण न्याय करण्याचा अधिकार वापरला आणि अल्पमतातला निवाडाच कायम केला. त्याने करारातलंच सूत्र लावलं आहे, नव्याने लवाद म्हणजे आणखी विलंब, आणि विलंब टाळणं हा तर या कायद्याचा हेतू, अशी कारणं दिली.

सांगयोंगच्या जागी मी असतो तर सुटलो म्हणालो असतो. पण दुसऱ्या खुर्चीत बसून पाहिलं की मन खातं. मार्गदर्शक तत्त्वांवर बोलायची संधी सांगयोंगला मिळाली नव्हती, तशी प्राधिकरणालाही मिळाली नव्हती; त्यांनीही तो कागद दिला नव्हता. बाजू ऐकली नाही या कारणावर उपाय म्हणजे बाजू ऐकणं. इथे उपाय म्हणून एका पंचाचं मत अंतिम झालं. कराराच्या मुद्द्यावर कोर्टाचं मत स्पष्ट होतं, परिपत्रक गळून पडल्यावर दुसरं सूत्रही नव्हतं, त्यामुळे या प्रकरणात ते खपून गेलं, आणि परिणाम मला न्याय्यच वाटतो. पण केवळ न ऐकल्याचा मुद्दा असता, करार दोन्हीकडे झुकणारा असता, तर अल्पमताला गादीवर बसवणं मला पटलं नसतं. एप्रिल २०२५ मध्ये गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, चार विरुद्ध एक मतांनी, निवाड्यात मर्यादित फेरफार करण्याचा अधिकार कोर्टांना आहे असं ठरवलं. त्यामुळे १४२ चा हात धरावा लागण्याचे प्रसंग कदाचित कमी होतील. दुसऱ्या बाजूने, कोर्टांना निवाड्यात लिहायची सवय लागण्याची भीतीही तिथूनच सुरू होते, आणि विरोधातल्या मताला मी कमी लेखत नाही.

लखनादोनच्या त्या रस्त्यापुरतं बोलायचं तर अल्पमतातला निवाडा व्याजासह अमलात आणावा असा आदेश झाला. जुन्या मालिकेचा शेवटचा आकडा आणि नव्या मालिकेचा पहिला आकडा यांच्यामधला सांधा करारातल्या सूत्राने भरला गेला, परिपत्रकाने नाही. मार्गदर्शक तत्त्वं त्या कामाला लागू झाली असती की नाही, यावर मात्र कोणत्याही पंचासमोर कधीच युक्तिवाद झाला नाही.